मलमवालीचं मरण

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवतोय. त्यात माझा खेळ आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि आई आतल्या खोलीतून तिसरंच काहीतरी विचारते. त्यापेक्षा पत्र बरं.

खेळ दुकानात यायला अजून वेळ आहे, सध्या चाचणी चालू आहे. चार वर्षं मी त्याची कथा लिहितोय. जपानी पद्धतीचा रोल-प्लेइंग खेळ, लहानपणी आपण खेळायचो तसाच: चार सोबत्यांची पार्टी, आळीपाळीने लढाई, लढाईतून मिळणारे अनुभवाचे गुण आणि मुक्कामाला शेकोटीभोवती गप्पा. आपला तो जुना खेळ अख्खा जपानीत होता. आपल्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि तू, बारा वर्षांची, पडद्यावरच्या प्रत्येकाचं बोलणं मनाने रचून मला घडाघडा वाचून दाखवायचीस. मी सात वर्षांचा. मला वाटायचं, ताईला जपानी येतं! त्या गप्पांतल्या कितीतरी मी जशाच्या तशा घेतल्यात. ओळखशील.

पार्टीही तीच. पोऱ्या, चोरटी, तलवारवाले आजोबा आणि सगळ्यांच्या जखमा बऱ्या करणारी आपली मलमवाली. मलमवाली म्हणजे अर्थात तू. तिच्या हातातली ती साधी काठीसुद्धा ठेवलीय, आपल्या खेळातल्यासारखी शेवटपर्यंत तीच, बदलता येत नाही. तिला शस्त्र धरायचंच नसतं, तो तिचा स्वभाव. शेवटपर्यंत खेळ आणि मग सांग. रडलीस तर तेही कळव, मी ऑफिसात मिरवीन.

आई म्हणाली की तुला दुसऱ्या शहरात तुकडीप्रमुख म्हणून बोलावलंय. अभिनंदन! तू जाणार नाहीसच म्हणा. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला एकटं ठेवणं काही शक्य नाही. पण बोलावणं आलं हेही थोडं नाही.

आईला नमस्कार सांग. लोभ आहेच, तो खेळ संपल्यावरही राहावा.

तुझा,
बारक्या


१४ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ. (आशीर्वाद आधीच घेऊन ठेव. पुढे मी रागावलेली आहे.)

नऊ संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, हातही धड न धुता तुझा खेळ खेळले. आई शेजारच्या खुर्चीत बसून बघत होती. काल संपला. रडले नाही. ऑफिसात काय मिरवायचं ते बघ.

मी लिफ्ट दुरुस्त करते. तुला माहीत आहे, पण पुन्हा लिहिते, कारण तू विसरलेला दिसतोस. पंधरा वर्षं मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टच्या छतावर उभी राहून ब्रेक सोडवलेत. माझ्या नखांतलं ग्रीस सुट्टीच्या दिवशीही जात नाही. आणि तुझ्या खेळात मी कोण, तर पांढरा झगा घालून सगळ्यांच्या मागे उभी असलेली एक गोडगोड बाई! तलवारीचा घाव कोणालाही बसो, धावायचं मी. माझी पाळी आली की मलम लावायचं, आणि मलम संपलं की पुढच्या पाळीची वाट बघायची.

चोरटीला तिची हरवलेली बहीण सापडते. आजोबांना, ज्या शिष्याला हाकललं, त्याच्यासमोर मान खाली घालता येते. पोऱ्याचं तर विचारूच नकोस, तो दर दोन तासांनी मोठा होतो. प्रत्येकाला स्वतःचं एक प्रकरण आहे. मलमवालीचं प्रकरण कुठाय? मी शोधलं रे. दर मुक्कामी शेकोटीपाशी जाऊन तिच्याशी बोलले. ती दरवेळी पोऱ्यालाच विचारते, जखम दुखते का, झोप लागली का. एकतीस तासांत स्वतःबद्दल एक वाक्य बोलत नाही. ती आली कुठून, तिला कशाचा राग येतो, हे सगळं मिटलं की तिला काय करायचंय, हे पोऱ्याने कधी विचारलं नाही, कारण तुझ्या डोक्यात ते आलंच नाही.

आणि बत्तिसाव्या तासाला तिला मारलंस. पोऱ्यावर आलेला बाण तिने अंगावर घेतला. तेही मी एक वेळ गिळलं असतं. पण मग पडद्यावर पाटी आली की तिचे अनुभवाचे गुण उरलेल्या तिघांत वाटण्यात आले आहेत. वाटण्यात आले! बाई अजून जमिनीवर पडलेली आहे आणि तिच्या कष्टाचं वाटप उरकलं. मी टीव्ही बंद केला. आईने विचारलं काय झालं, तर सांगितलं की मी मेले आणि तिघांनी माझं सगळं वाटून घेतलं. आईला वाटलं माझं डोकं फिरलं.

आणखी एक. ते संवाद माझे आहेत, आणि माझ्या मलमवालीला मी तिखट जीभ दिली होती. ती पोऱ्याला येताजाता बावळट म्हणायची. आजोबांना सुनावायची. ते सगळं तिखट तू चोरटीला देऊन टाकलंस आणि मलमवालीच्या तोंडात नुसतं गूळपाणी ठेवलंस.

आता दुसऱ्या शहरातल्या कामाचं. मी जाणार नाहीच, हे तुला कोणी सांगितलं? मी नाही. आईनेही नाही. पंधरा जुलैच्या आत कळवायचं आहे, आणि मी अजून काहीही ठरवलेलं नाही.

प्रकृतीला जप. माया आहे, पण सध्या तिच्यावर रागाचा थर बसलाय.

ताई


२२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. आधी हसलो, मग चिडलो, आणि अजून चिडलेलाच आहे.

तू नऊ संध्याकाळी खेळलीस, मी चार वर्षं हे करतोय. अशा खेळांची एक घडण असते. पार्टीत कोणीतरी असं असावं लागतं ज्याच्यावर सगळे टेकलेले असतात, आणि ते माणूस गेल्याशिवाय उरलेले एकमेकांकडे बघतच नाहीत. मलमवाली गेल्यावर चोरटी पहिल्यांदा खरं बोलते, आजोबा पहिल्यांदा रडतात. गुण वाटण्याची कल्पना माझीच, आणि मला तिचा अभिमान आहे. ती त्यांच्यात उरते, असा त्याचा अर्थ. दहा चाचणीवाल्यांपैकी सात जण तिथे खेळ थांबवून उठून गेले. सगळ्यात लाडकं पात्र कोण असं विचारलं, तर नऊ जणांनी तिचं नाव घेतलं. मी तुझी देवी केली आणि तू म्हणतेस गूळपाणी!

आणि मलमवालीचं कोणी काय बदललं याबद्दल बोलायचं तर बोलूच. आपल्या त्या खेळातही मलमवाली मरते. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी केलेलं त्या प्रसंगाचं भाषांतर माझ्या वाचनात आलं. तळ्याकाठी मरते, सगळे माना खाली घालून उभे राहतात. तू मला काय सांगितलं होतंस? ती या सगळ्यांना कंटाळली आणि आपली वाट धरून निघून गेली. मी चार दिवस तिच्यावर दात ओठ खात होतो. एवढ्याशा पोराला तू धडधडीत खोटं सांगितलंस, आणि आज मला शिकवतेस की ती जशी होती तशी ठेव.

खरं सांगू? तुझा राग खेळावर नाहीच. तुला जायचंय, आणि जा असं मी म्हणावं अशी तुझी इच्छा आहे, म्हणजे उद्या आईला काही झालं तर बोट माझ्याकडे. तुला कोणी अडवलंय? जायचं तर जा. मात्र माझं इथलं काम सोडून मी येऊ शकत नाही, हे तुला पहिल्यापासून ठाऊक आहे.

आईला नमस्कार. राग ओसरला की लिही. नाही ओसरला तरी लिही.

बारक्या


३० जून

बारक्या,

आशीर्वाद या वेळी आईकडून घे. माझ्याकडचे संपलेत.

हो, खोटं सांगितलं. तुला वाटलं मला ते दृश्य कळलं नाही? तळं होतं, माना खाली होत्या, आणि पुढे मेनू उघडला तर तिची जागा रिकामी. एवढं कळायला जपानी लागत नाही. बाबा जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. तू अजूनही कोणी पाणी प्यायला उठलं तरी विचारायचास की परत येणार ना. मी तुला आणखी एक मेलेलं माणूस द्यायला तयार नव्हते. म्हणून म्हटलं की ती कंटाळून गेली. तू चार दिवस चिडलास, खुशाल चीड, पण तुझ्या चिडण्यात ती जिवंत होती.

आणि अर्धं कारण माझं स्वतःचं होतं, तेही आज सांगून टाकते. आई संध्याकाळच्या पाळीला, घरात मी आणि तू. गृहपाठ, दूध, कडी लावली का, गॅस बंद आहे का, सगळं माझ्या डोक्याला. मला बाराव्या वर्षी ऐकायचं होतं की एखादी बाई सगळ्यांना सोडून निघून जाऊ शकते आणि तरी तिला काही होत नाही. कोणी सांगत नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने वाचलं. तुला तेवढीच एक गोष्ट बदलावीशी वाटली? माझं सगळं उचललंस आणि नेमकी तीच टाकून दिलीस!

तुला कोणी अडवलंय, असं विचारतोस. लाज वाटत नाही? पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा तू शिकायला निघाला होतास, आणि घरात कोणीतरी राहायला हवं होतं. दुसऱ्यांदा आलं त्याच आठवड्यात आईचं ऑपरेशन झालं. तू तीन दिवस आलास, फळं आणलीस, दवाखान्याच्या खिडकीत बसून लॅपटॉपवर काम केलंस आणि गेलास. मला कोणी दोरीने बांधलं नाही, हे खरं आहे. दरवेळी सगळे इतक्या प्रेमाने माझ्याकडे वळून बघता की मीच पाय मागे घेते. देवी केली म्हणे. देवीला कुठे जायचं असतं का, तिची आपली एका जागी सोय लावलेली असते.

ही तिसरी वेळ आहे, चौथी येणार नाही. सहा जणांची तुकडी, अठरा लिफ्ट, आणि काम कसं करायचं ते मी ठरवणार. मला ते हवंय. अगदी हावऱ्यासारखं हवंय.

म्हणून आता सरळ विचारते. मी गेले तर तू आईकडे येऊन राहशील का? कायमचा नाही, महिन्यातला काही काळ. हो की नाही, एका ओळीत कळव. कारणं नकोत, ती मला पाठ आहेत.

ताई


५ जुलै

चि. थोरलीस आणि चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे एकच पत्र दोनदा लिहिलंय. एक थोरलीच्या उशीखाली ठेवते, एक धाकट्यासाठी टपालात टाकते. शब्दाचा फरक नाही, ताडून बघा.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले, कधी कोणाच्या बोलण्याला कान लावला नाही. पण टेबलावर उघडी पडलेली पत्रं मी वाचली. झाकून ठेवायची अक्कल तुम्हाला नाही, त्याला माझा इलाज नाही. आणि वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दोघांच्याही पत्रांत आईला कोण बघणार, आईचं कसं होणार. मी काय कपाट आहे? कोणाच्या घरात ठेवायचं, कोणी पुसायचं, याची चर्चा चाललीय! एकाने तरी मला विचारलं का? थोरलीने नाही, कारण मी जा म्हणेन आणि मग तिला खरंच जावं लागेल, याची तिला धास्ती. धाकट्याने नाही, कारण मी ये म्हणेन याची त्याला धास्ती.

तर न विचारता सांगते. मला एकटीची भीती वाटते. न्हाणीघरात पाय घसरेल ही भीती रोज सकाळी वाटते, थोरली घरात असते तेव्हाही वाटते. भीती माझी आहे, मी सांभाळीन. पण तिने माझ्या भीतीपायी जागेवर खिळून राहायचं आणि धाकट्याने तीच भीती पुढे करून तिकडे आरामात बसायचं, हे मी चालू देणार नाही. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे आपली किल्ली असते. न्हाणीत धरायला दांडे बसवून घेणार आहे. धाकटा आला तर आनंद आहे. नाही आला तर त्याने यापुढे फोनवर माझ्या तब्येतीची चौकशी करू नये, मी उत्तर देणार नाही.

आणि रे धाकट्या, नऊ दिवस मीही बसून तुझा खेळ बघितला. वाटेवरच्या प्रत्येक खानावळीत एक म्हातारी आहे. तिच्याकडे कधीही जा, ती म्हणते, विश्रांती घ्या बाळांनो. चाळीस तासांत तेवढं एकच वाक्य. ती मीच ना? विचार केलास का, की ती दिवसभर उभी राहून दमली असेल? मी संध्याकाळची पाळी करून घरी यायचे तेव्हा मला कोणी विश्रांती घ्या म्हणालं नाही. तू तर चपला काढायच्या आत खेळात काय झालं ते सांगायला लागायचास.

जेवत जा. दोघांवर जीव आहे आणि दोघांचाही संताप आला आहे.

आई


९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हो.

एका ओळीत सांगितलं. कारणं नाहीत, पण तपशील लिहितो. दर महिन्याचे बारा दिवस मी आईकडून काम करीन. आमच्या प्रमुखाने आधी नाही म्हटलं. मग मी तावातावाने इतकं बोललो की शेजारच्या खोलीतल्या चित्रकार मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी हो म्हणाला, पण तोंड वाकडं करून. यापुढे मोठं काम मला मिळणार नाही, असं दिसतंय. याचा मला राग आहे, आणि त्यातला थोडा तुझ्यावर आहे, हे लपवत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुला खोटं पाडायचं म्हणून मी आपला जुना खेळ मिळवला आणि या वेळी भाषांतरात सुरुवातीपासून खेळायला बसलो. दुसऱ्याच गावात मलमवालीच्या मेनूत शस्त्रांची यादी उघडली. त्यात धनुष्य होतं, भाला होता, पुढे पुढे तर एक चांगली दणकट कुऱ्हाड होती. एकूण अकरा शस्त्रं. ताई, आपल्याला यादी वाचता येत नव्हती, म्हणून तिने अख्खा खेळ एका काठीवर काढला. आणि मी पंचवीस वर्षं तो तिचा स्वभाव समजत आलो. तोच स्वभाव माझ्या खेळात घातला आणि बदलता येऊ नये म्हणून वर कुलूप लावलं. हे कळल्यावर मला माझीच शरम वाटली.

कुलूप काढलं. तिचं तिखट तिला परत दिलं, चोरटीसाठी आता नवीन काहीतरी शोधतोय. तिचं प्रकरणही लिहायला घेतलंय. आणि ती मरत नाही. बत्तिसाव्या तासाला ती पार्टी सोडून जाते. तिचे गुण तिच्याबरोबर जातात, उरलेल्यांना एकही मिळत नाही, आणि तिच्या जागी दुसरी बरं करणारी मिळत नाही. चाचणीवाल्यांना तेवढाच भाग कच्चा दाखवला, तर त्यांनी शिव्यांचा पाऊस पाडलाय. एकाने लिहिलंय की आम्ही तिला एवढं वाढवलं आणि ही बया अशी निघून जाते म्हणजे काय. प्रमुख म्हणतो, मेली असती तर लोकांनी माफ केलं असतं.

तुझं कळवून टाक त्यांना. पंधराची वाट बघू नकोस. आईला सांग, खानावळीतल्या म्हातारीला मी खुर्ची दिली आहे, बोलणं अजून लिहितोय.

माझ्यावरचा राग पुरा होऊ दे, पण लोभ मोडू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


२ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

इथे येऊन महिना झाला. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिथलं लिफ्टचं मशीनघर दिसतं. त्याचं दार कोणीतरी रोज उघडं टाकून जातं. पहिल्या आठवड्यात जाऊन झापून आले. तुकडीतले सहाही जण पहिले चार दिवस माझ्या पान्याकडे बघत होते, आता माझ्या तोंडाकडे बघतात. एक जण दोर न तपासता सही करायचा. त्याला मी अशा शब्दांत सांगितलं की ते इथे लिहीत नाही.

आईचा फोन होता. तू भांडी चुकीच्या फडताळात ठेवतोस आणि तिला दर तासाला बरी आहेस ना विचारून हैराण करतोस, असं म्हणाली. आवाजात खूश होती.

तू पाठवलेला नवा खेळ पाहिला. माझी मलमवाली कुऱ्हाड घेऊन पहिल्यांदा पुढच्या रांगेत उभी राहिली तेव्हा मी खोलीत एकटीच ओरडले. तिचं प्रकरण चांगलं झालंय. पण जाताना तिच्या तोंडी तू जे भाषण घातलंयस ते काढ. साडेतीन मिनिटं ती प्रत्येकाची माफी मागते, पोऱ्याला तर दोनदा. कसली माफी? तिने काय केलं? ते वाचताना मला पुन्हा तुझा गळा धरावासा वाटला. एक अक्षरही ठेवू नकोस. ती उठते आणि जाते, एवढं पुरे.

आता जे झालं ते सांगते, कोणाला बोलू नकोस. ती गेल्यावर मी खेळ पुढे नेलाच नाही. तीन संध्याकाळी पोऱ्याला घेऊन मागे फिरले. प्रत्येक गाव, प्रत्येक खानावळ, घाटावरची ती पडकी चौकीसुद्धा. कुठेतरी भेटेल, दोन शब्द बोलेल, असं वाटत होतं. तू तिला कुठेच ठेवलेलं नाहीस. मला तुझा भयंकर राग आला. इतका, की रडले. ते ऑफिसात मिरवलंस तरी चालेल.

मला इथे आईची फार आठवण येते. तुझीही येते. जेवताना येते, आणि दार उघडून रिकाम्या खोलीत पाय टाकताना तर नक्कीच येते. तरी मी परत येणार नाही. आणि तूही तिला कुठे सापडू देऊ नकोस, कोणी कितीही शिव्या घातल्या तरी.

पत्र पाठव. नाही पाठवलंस तर वाट बघीन, पण जागची हलणार नाही.

तुझी,
ताई